हळद, कुंकू आणि भागूजीचे पाणी

ज्या व्यवसायात समोरच्या माणसाचे तोंड सताड उघडे असते, पण त्याला बोलता येत नाही, तो व्यवसाय आपल्याला मानवेल, असे मला तिशी उलटल्यावर वाटू लागले. तोवर मी नगरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. परीक्षानळ्यांशी माझे उत्तम जमे. परंतु मुले प्रश्न विचारीत, आणि उत्तराचे शुद्ध, सांगोपांग वाक्य माझ्या मनात तयार होईपर्यंत तास संपलेला असे. अखेर नोकरी सोडून, माझ्याहून बऱ्याच लहान मुलामुलींच्या शेजारी बाकावर बसून मी दंतवैद्यक शिकले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राहुरीत एका भुसार दुकानाच्या माडीवर दवाखाना थाटला.

दात कोरण्याचे माझे पहिले यंत्र पायाने चालवायचे होते. खाली शिलाईयंत्राला असतो तसा पायटा, वर फिरणारी सुई. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी ते बराच वेळ निरखले आणि विचारले, "बाई, टाका घालनार का रफू करनार?" मी गंभीरपणे म्हणाले, "चांदी भरणार आहे." त्यावर ते उठून बसले व म्हणाले, "चांदी? मग मंडळींना इचारून येतो."

व्यवसाय निवडताना माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट हीच. रोगी बोलू शकत नसला, तरी त्याची मंडळी बोलू शकतात. आणि आमच्या भागात दाढ एकाची दुखते, पण जिना चढून सारे घर येते.

त्या मंडळींपैकी दोन बायका आणि एक दूधवाला यांची ही हकीकत आहे. तिच्यात दात फारच थोडे आहेत. बहुतेक पाणीच आहे.

राहुरीच्या पूर्वेला माळावर खडकमाळ नावाची वस्ती होती. तिथल्या शाळेत मी एकदा मुलांचे दात तपासायला गेले. बरोबर चिमटे, कापूस, लवंगेचे तेल आणि पुष्कळसा उत्साह नेला होता. पहिल्या मुलाने तोंड उघडले. दातांवर आडवे तपकिरी पट्टे, चहाच्या बशीवर डाग राहावेत तसे. मी टोचणीने ठोकून पाहिले, तर दात अगदी दगड. दुसरा मुलगा तसाच. तिसरी मुलगी तशीच. अख्ख्या शाळेत मला किडका दात म्हणून सापडेना. चिमटे जसेच्या तसे पिशवीत राहिले आणि नव्या दंतवैद्याला जे दुःख व्हावे ते मला झाले.

"आमचा शिक्का हाय त्यो," गुरुजींच्या खुर्चीमागून एक बाई म्हणाली. "बाजारात तोंड उघडलं की लोक वळखत्यात, खडकमाळचं मानूस." ही हिराबाई. तिच्या कडेवर वर्षभराची छबू होती आणि मागे, पदराचे टोक दातांत धरून, तिची थोरली लेक रंजना उभी होती.

"पण तुमचे दात किडत नाहीत, ही फार मोठी गोष्ट आहे," मी म्हणाले.

"किडत न्हाईत हे खरं, बाई. पर हसता येत न्हाई, त्याचं काय?"

मग तिने सांगितले. रंजनाला पाहायला पाहुणे येत, पोहे खात, आणि जाताना काहीतरी विनोद करीत. मुलीने हसावे, म्हणजे दात दिसावेत, हा त्यातला डाव. रंजना हसे, आणि पाहुणे परत येत नसत. एकदा हिराबाईने उलटा डाव टाकला. पाहुण्यांसमोर उसाचे कांडे ठेवले. रंजनाने ते दातांनी असे सोलले, की पाहुणे थक्क होऊन पाहत राहिले. बाहेर पडताना वराचा चुलता म्हणाला, "पोरगी झ्याक हाय, पर आमाला सून पायजे, चरक नको."

सांगताना हिराबाई स्वतःच खदखदून हसली; रंजना हसली नाही. मग हिराबाईने छबूची हनुवटी वर केली. खाली दोन, वर दोन, तांदळासारखे दुधाचे दात चमकत होते. "हिचं तरी तसं हुऊ नये, येवढं बघा."

त्यामागचे शास्त्र सोपे आहे. कायमचा दात हिरडीबाहेर येतो सहाव्या-सातव्या वर्षी. पण तो आत घडत असतो त्याच्या पुष्कळ आधीपासून, मूल रांगत असते तेव्हापासून. त्या काळात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार थोडासा असला, तर दात कणखर होतो. अजिबात नसला, तर लवकर किडतो. फार असला, तर किडत नाही. पण त्याच्यावर डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. खडकमाळच्या नणंदा आणि भावजया शेजारी उभ्या केल्या, की हे दिसे. गावातच वाढलेल्या नणंदांचे दात पट्ट्यापट्ट्यांचे, तर बाहेरगावाहून आलेल्या भावजयांचे पांढरे, कारण ते माहेरच्या पाण्यावर घडलेले. आणि त्याच पांढऱ्या दातांच्या भावजयांची मुले पुन्हा पट्टेवाली. दोष रक्तात नव्हता. गावच्या जुन्या, खोल विहिरीत होता. त्या विहिरीचा गावाला मोठा अभिमान, कारण बहात्तरच्या दुष्काळातही ती आटली नव्हती.

"म्हणजे छबूला दुसरं पानी पाजलं, तर?" हिराबाईने विचारले. तिने प्रश्न इतका नेमका विचारला, की मला वाक्य जुळवायला वेळच मिळाला नाही आणि मी नुसतेच "हो" म्हणाले.

आता दुसरी आई. साखर कारखान्याच्या वसाहतीत चीफ केमिस्टचे कुटुंब राहत असे. त्यांच्या पत्नी नलिनीताई. त्यांची तीन वर्षांची मंजू रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपे. परिणामी तिच्या वरच्या चार दातांच्या जागी चार काळे खुंट उरले होते. वसाहतीला धरणाचे पाणी नळाने येई. स्वच्छ, गोड, आणि फ्लोराइड जवळजवळ नाहीच.

नलिनीताई एके दिवशी माझ्याकडे आल्या त्या एक तपकिरी बाटली घेऊन. त्यांच्या अमेरिकेतल्या भावाने फ्लोराइडच्या गोळ्या पाठवल्या होत्या.

"डॉक्टर, तिकडे म्हणे सगळी मुलं घेतात. काही गावांत तर नळाच्या पाण्यातच घालतात. आमचे हे म्हणतात, झुरळं मारायच्या पावडरीत हेच असतं. आता मी भावाचं ऐकू का नवऱ्याचं?"

"दोघांचेही खरे आहे," मी म्हणाले. असे उत्तर दिल्यावर कोणतीही आई चिडेल, तशा त्या चिडल्या.

"अहो, मंजूचे दुधाचे गेले. नवे यायचे आहेत. ते तरी धड यायला हवेत ना? गोळी द्यायची की नाही, तेवढं सांगा."

मी मनातल्या मनात वाक्य बांधले आणि ते पुढीलप्रमाणे बोलले: "निसर्गतः पाण्यात फ्लोराइड असलेल्या खडकमाळसारख्या गावात दात किडत नाहीत हे जरी खरे असले, तरी तेथील प्रमाण अतिरिक्त असल्यामुळे..." एवढ्यात जिन्यावर मंजू पडली, रडली, नलिनीताई धावल्या, आणि माझे वाक्य क्रियापदाविना हवेत राहिले.

नलिनीताईंनी त्या अर्ध्या वाक्यावर घरी जाऊन विचार केला. परदेशी गोळी म्हणजे औषध, औषधाची भीती. पाणी म्हणजे पाणी. पाण्याने कधी मुलाचे वाईट झाले आहे का? आणि वसाहतीत दूध घालणारा भागूजी तर खडकमाळचाच! दुष्काळाने पाणी वाहून आणण्याची सवय साऱ्या मुलखाला लावून ठेवलेली असल्याने, सायकलीच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या दुधाच्या कॅनशेजारी पाण्याचा कॅन दिसू लागला, तेव्हा कोणाची भुवईही उंचावली नाही. पंधरवड्यात वसाहतीतल्या निम्म्या आया खडकमाळचे पाणी मागू लागल्या.

मला हे कळले ते मंजूला पाहायला गेले तेव्हा. नलिनीताईंनी चांदीच्या फुलपात्रातून मला पाणी दिले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "खास आहे हं. विहिरीचं."

"कोणत्या विहिरीचे?"

"तुम्हीच नाही का सांगितलंत?"

मी फुलपात्र तसेच खाली ठेवले. डोळ्यांपुढे वसाहतीतली सारी मुले रांगेने उभी राहिली, तपकिरी पट्टे असलेली, गृहपाठाच्या वहीसारखी. मी म्हणाले, "यासंबंधी मला काही सांगायचे आहे."

"मग हळदीकुंकवाला सांगा ना! क्लबात संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. सगळ्या येतील. तुम्ही भाषणच करा."

भाषण! त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे मात्र सुचले, की बोलायचेच कशाला? पाणी स्वतःच बोलेल. मी नगरला जुन्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथून एक द्रावण करून आणले. त्याचा रंग लालसर असतो. पाण्यात फ्लोराइड नसेल, तर तो लालच राहतो. जसजसे फ्लोराइड वाढेल, तसतसा तो लाल उडून पिवळा होत जातो. बरोबर एक नळी घेतली, तीत मी स्वतः मोजून योग्य प्रमाणाचे पाणी तयार केले होते. तिचा रंग झेंडूसारखा केशरी यायला हवा. नळ्यांची लाकडी घोडी छातीशी धरून मी बसमधून परतले, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारले, "अत्तर विकता का?"

हळदीकुंकवाला क्लबाचा हॉल भरला होता. तिळगुळाचे ताट मुलांमधून फिरत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत मंजूने तीन लाडू खिशात घातले. मी टेबलावर घोडी मांडली. नळाचे पाणी आणि खडकमाळच्या विहिरीतून मी स्वतः शेंदून आणलेले पाणी वेगवेगळ्या नळ्यांत भरले. मग नलिनीताईंच्या घरचे, भागूजीने आणलेले "खास" पाणी. एवढ्यात दारात हिराबाई. कडेवर छबू, हातात तांब्या, मागे रंजना, आणि सर्वांत मागे, आत यावे की नाही अशा पेचात, टोपी हातात धरलेला भागूजी.

"बाई, आमचं बी तपासा," हिराबाई म्हणाली. "भागूजी येताना हितल्या नळाचं पानी आनून देतो. छबूला म्या तेच पाजते. इहिरीचा थेंब न्हाई."

म्हणजे जाताना भागूजी विहिरीचे पाणी वसाहतीला नेत होता, आणि येताना वसाहतीचे पाणी विहिरीच्या गावाला आणत होता! एकाच सायकलीच्या जिवावर दोन आया एकमेकींचे पाणी आपापल्या मुलींना पाजत होत्या. मी तांब्यातले पाणी पाचव्या नळीत ओतले आणि सर्वांत द्रावण घातले.

या परीक्षेचा मोठा गुण असा, की रंग उतरायला तासभर लागतो. मी ते जाहीर केले आणि खाली बसले. माझे भाषण एवढेच झाले. तो तास उखाण्यांनी भरून काढला. चीफ इंजिनिअरांच्या पत्नींनी घेतला, हिराबाईने त्याच्या वरताण घेतला, आणि कोणीतरी मलाही नाव घ्यायला लावले. मी अविवाहित आहे असे सांगितल्यावर "मग द्रावणाचं घ्या!" अशी सूचना आली. हॉल हसला. मीही, भीतीने असेल, थोडीशी हसले.

तासाने मी नळ्या उजेडात धरल्या. नळाचे पाणी लाल. विहिरीचे पाणी पिवळे.

"अगं बाई, हे तर हळद आणि कुंकू!" नलिनीताई ओरडल्या, आणि जी गोष्ट मला तीन पोटवाक्यांत सांगता आली नसती, ती हॉलमधल्या प्रत्येक बाईला कळली. पिवळे म्हणजे फार. सांगू का, असे मी हिराबाईला विचारले आणि तिने होकाराची मान हलवली, तेव्हा रंजनाकडे न पाहता, शाळेतल्या मुलांच्या दातांचे वर्णन केले. नलिनीताईंचा चेहरा उतरला. "आणि मी मंजूला हे..." त्यांनी मंजूला जवळ ओढून घेतले.

"तुमची नळी पाहू या," मी म्हणाले. मी ती वर धरली.

ती पिवळी नव्हती. केशरी होती.

मी हिराबाईची नळी वर धरली. ती लाल असायला हवी होती. तीही केशरी होती. दोन्ही नळ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

रसायनशास्त्रात असे होत नाही. मी पुन्हा पाहिले, चष्मा पुसून पाहिले. मग माझ्या लक्षात आले, की साऱ्या बायका नळ्यांकडे पाहायच्या थांबून दाराकडे पाहत होत्या.

"भागूजी," नलिनीताई म्हणाल्या, "विहिरीच्या पाण्यात काय घालतोस?"

"काय न्हाई, वैनीसायेब."

"भाग्या!" हिराबाई कडाडली. "माज्या नळाच्या पान्यात इहिरीचं घातलंस?"

"न्हाई... म्हंजी..." भागूजीने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "निगताना कॅन भरलेला असतोय. वाटंत खड्डे, सांडतंय. मग कॉलनीच्या नळावर जरा भरून घेतो. येताना तळाला उरल्यालं वतून कशाला द्यायचं, म्हून त्याच्यावरच नळाचं भरतो. सवय हाय, बाई. कॅन दिसला की हात थांबत न्हाई." मग त्याने मान वर केली आणि अत्यंत दुखावलेल्या स्वरात विचारले, "दुधात घातलं तर तुमी बोलता. पान्यात पानी घातलं, ह्यो बी गुन्हा हाय व्हय?"

मी घोडीतली शेवटची नळी काढली, नगरहून मोजून आणलेली, योग्य प्रमाणाची. ती दोघींच्या नळ्यांमध्ये धरली. तिन्ही नळ्यांत एकच झेंडू फुलला होता.

आणि मग मला हसू आले. मी सभ्य, शिकलेली, मोजकी हसणारी बाई आहे. पण ते हसू पोटातून आले आणि थांबेचना. मी नळ्या टेबलावर ठेवल्या, खुर्चीचा आधार घेतला, डोळ्यांतून पाणी येऊ लागले. अखेर एवढेच म्हणता आले, "बरोबर आहे! अगदी बरोबर आहे!" अमेरिकेतली गावे जे यंत्राने साधतात, ते भागूजीने दूधवाल्याच्या हाताने साधले होते. हे कळताच नलिनीताई हसल्या, हिराबाईने पदर तोंडात कोंबला, आणि हॉलमध्ये जो कल्लोळ झाला, त्यात कोणीतरी भागूजीच्या टोपीत तिळगूळ ओतला. मंजूने खिशातला एक लाडू काढून छबूला चाटवला. दंतवैद्याच्या समोर!

इथे ही कथा संपली असती, तर मला शास्त्रीय यश मिळाले असते. पण आम्ही शहाणपणा केला. भागूजीला रीतसर सांगितले, की यापुढे निम्मे विहिरीचे आणि निम्मे नळाचे, मापाने मिसळ. पुढच्या खेपेला मी नळी तपासली, तर पिवळीधमक.

"भागूजी, हे काय?"

"बाई, तुमी मापानं सांगितलंत, म्हून लई जपून आनलं. येक थेंब सांडू दिला न्हाई."

"आणि नळाचे?"

तो खाली पाहू लागला. "सगळ्या बायका बघत हुत्या. येवढ्या बायांम्होरं पान्यात पानी घालायला लाज वाटती वो."

मग आम्ही ठराव केला, की वसाहतीच्या नळापाशी भागूजी असेल, तेव्हा सर्वांनी पाठ फिरवायची. तो हिशेब पुन्हा बरोबर जमू लागला. मी मधूनमधून नळ्या तपाशी आणि केशरी रंग पाहून कॅनला मनोमन नमस्कार करी. नलिनीताईंनी गोळ्यांची बाटली माझ्या हवाली केली आणि मंजूची रात्रीची गोड बाटली बंद केली. त्या दुसऱ्या गोष्टीसाठी मात्र त्यांना आठवडाभर झोपेवर पाणी सोडावे लागले. खडकमाळच्या इतर आयाही भागूजीकडे पाणी मागू लागल्या. त्याने सायकल विकून जुनी मोटारसायकल घेतली. तिच्यावर सांडणे वाढले आणि आम्हांला प्रमाण पुन्हा बसवावे लागले. पुढे वस्तीत धरणाचा नळ आला, तोवर हे चालले.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून होण्यासारखी नव्हती. हिराबाईने एकदा रंजनाला आणले आणि विचारले, "हिच्यासाठी काही हाय का?" तेव्हा माझ्याजवळ पॉलिशची पावडर होती आणि पायाचे यंत्र होते. मी तासभर घासले. दात चकाकले, पट्टे होते तसेच राहिले, फक्त चकाकणारे. रंजनाने आरसा परत दिला आणि मला "बरं झालं, बाई" म्हणाली. आजच्या दवाखान्यांत यावर उपाय आहेत. त्या मुलीला तेव्हा ते मिळायला हवे होते, असे मला अजूनही वाटते. पुढे तिचे लग्न शाळेतल्या एका गुरुजींशी झाले; ते बघायला आले तेव्हा, हिराबाई सांगते, विनोदच करायला विसरले.

मंजूचे नवे दात आले ते मी पाहिले. एकावर तिळाएवढा पांढरा ठिपका सोडला, तर अगदी धड. नलिनीताईंनी तो ठिपका आठवडाभर भिंगातून पाहिला आणि मग सोडून दिला.

छबूचे उशिरा आले. एका बाजारच्या दिवशी जिन्यावर गलका ऐकू आला आणि सारे घर वर आले. पुढे हिराबाई, तिच्या मागे माहेरपणाला आलेली रंजना, मागे भागूजी, आणि मध्ये तोंड घट्ट मिटून छबू. दाखवायला तयार नव्हती. "करवतीवानी आल्यात, बाई," हिराबाई काळजीने म्हणाली. नव्या दातांच्या कडा पहिल्यांदा अशाच दातेरी असतात, त्या पुढे झिजून सरळ होतात, असे माझे वाक्य मी मनात जुळवत होते. तेवढ्यात भागूजी मागून म्हणाला, "दाव की गं! निम्मे माझे हायत त्यातले!"

छबू हसली. वरचे दोन नवे दात, रुंद, करवतीसारखे, आणि पांढरेशुभ्र. मी तिचे तोंड उजेडाकडे वळवले. एकही पट्टा नव्हता.

हिराबाई खुर्चीचा दांडा घट्ट धरून उभी राहिली. हसण्याचा आवाज आला तो तिच्या मागून. रंजना हसत होती. मोठ्याने, मान मागे टाकून. पदराचे टोक तिच्या खांद्यावरच होते.